एका आधणापुरतं कलिल

कलिल हा शब्द शालेय पानाच्या प्रुफात माझ्यापुढं आला तेव्हा पान सोडायची घाई होती. शिरूरच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात एक नियम आहे: ज्या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही तो छापायचा नाही. द्रावण माहीत होतं, निलंबन अंदाजानं कळत होतं, कलिल अडलं. मी आक्काला फोन लावला.

आक्का माझी थोरली बहीण. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, दौंड तालुक्यात केडगाव आणि यवतच्या मधल्या एका वस्तीवर दिलेली. मागच्या वर्षापर्यंत ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होती. तासिका बंद झाल्या. त्यानंतर ती सासरच्या गुऱ्हाळात लक्ष घालू लागली. घरातल्यांनी हे आधी हसण्यावारी नेलं, नंतर त्यांना त्याची सवय झाली.

“तीन ग्लास समोर आण,” ती फोनवर म्हणाली. “मनातल्या मनात आण, पळू नकोस. पहिल्यात मिठाचं पाणी. दुसऱ्यात मातीचं. तिसऱ्यात पाण्यात थोडं दूध. मीठ दिसत नाही, ते विरघळलं. माती दिसते आणि थोड्या वेळानं खाली बसते. दुधाचं काय होतं?”

“काहीच होत नाही.”

“तेच कलिल. कण एवढे मोठे की उजेड अडवतात, आणि एवढे बारीक की खाली बसत नाहीत. विरघळले म्हणावेत तर विरघळलेले नाहीत, वेगळे म्हणावेत तर वेगळे निघत नाहीत. तासिकेवरच्या बाईसारखे.”

मी अर्थ लिहून घेतला. पान सोडलं. फोन चालूच होता. तिनं पुढचं वाक्य बोलून टाकलं आणि माझी दुसऱ्या दिवशीची सुटी ठरली.

“उद्या ये. आबांनी मला एक आधण दिलंय.”

आधण म्हणजे गुऱ्हाळाच्या कढईत एका वेळी चढणारा उसाचा रस, तो आटून त्याचा गूळ होईपर्यंत. आबा म्हणजे तिचे सासरे. त्या भागातल्या बऱ्याच मालकांनी आपली गुऱ्हाळं बाहेरून आलेल्या ठेकेदारांना चालवायला देऊन टाकली आहेत. आबाही त्याच विचाराला आले होते. ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुपारी बोलणं पक्कं करायला येणार होता. आक्कानं त्यात मोडता घातला होता. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून सगळीकडं रसात पांढरी पावडर टाकतात. तिचं म्हणणं होतं की पावडर न टाकता, जुन्या पद्धतीनं भेंडीच्या झाडाचा चीक घालून गूळ करता येतो, आणि तसा गूळ मागणारं गिऱ्हाईक आता पुण्यात आहे. आबांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. ठेकेदार येण्याआधी तिनं एक आधण काढून दाखवायचं. साच्यातून काढल्यावर ढेप उभी राहिली पाहिजे. राहिली तर गुऱ्हाळ तिच्या हातात. ढासळली तर ठेकेदाराच्या.

“आणि ढासळली तर तू काय करशील?” मी विचारलं.

“भाकरी,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं मोटारसायकलनं निघालो. उसाच्या फडांवर धुकं होतं. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊस पिळणारा चरक चालू झाला होता आणि त्याच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पत्र्याच्या शेडमध्ये मधोमध काहील, म्हणजे मोठ्या परातीसारखी उथळ लोखंडी कढई, आणि तिच्याखाली चुलाण. चुलाणाच्या तोंडाशी उत्तर प्रदेशातला भैया वाळलेली चिपाडं आत सारत होता. काहिलीच्या काठाशी गुळव्या उभा होता. गूळ उतरवणारा मुख्य माणूस तो गुळव्या. याला सगळे मामा म्हणत.

आक्का साडीवर नवऱ्याचा जुना फॅक्टरीचा शर्ट घालून उभी होती. नवरा शिक्रापूरला पहिल्या पाळीत होता. मला बघून तिनं हातानं शेडभर गोल दाखवला.

“मोज,” ती ओरडली. “बाहेर धुकं. हवेत पाण्याचे थेंब. कलिल. धुरांड्यातून धूर. हवेत कोळशाचे कण. कलिल. तुझ्या हातातला चहा, दुधामुळं कलिल. आणि हा,” तिनं टाकीतल्या हिरवट-करड्या रसावर बोट रोखलं, “हा सगळ्यात अवघड. साखर विरघळलेली, ती आपल्याला पाहिजे. मेण, माती, हिरवा रंग, चिकट घाण, हे सगळं लटकलेलं. ते खाली बसणार नाही, फडक्यात अडकणार नाही. ते काढायचं.”

“कसं?”

“त्यांना एकमेकांना चिकटवायचं. एकेकटे लटकतात. शंभर एकत्र आले की जड होतात, नाहीतर फेसाबरोबर वर येतात. वर आले की झाऱ्यानं काढायचे. तीच मळी. चिकटवायला भेंडी.”

मामा ऐकत होते. “पत्रकार, समदं लिवून घ्या,” ते म्हणाले. “न्हाई उतरला गूळ तर निदान बातमी तरी उतरंल.”

“मामा, तुमचं नाव नाही टाकणार मी,” मी म्हणालो.

“मग काय उपेग?”

रस काहिलीत चढला. आक्कानं चुन्याची निवळी थोडी थोडी घातली, प्रत्येक वेळी कागदाची पट्टी बुडवून रंग बघितला. मामा त्या पट्टीकडं पोराच्या खेळण्याकडं बघावं तसं बघत होते, पण आड येत नव्हते. रस कोमट झाला. मग तापला. त्याच्या पाठीवर काळपट हिरवी साय जमू लागली. आक्कानं स्वयंपाकघरातून झाकून आणलेली बादली पुढं घेतली. आत भेंडीचा चीक होता. हिरवट, गुळगुळीत, एकसारखा. एकही धागा नाही, एकही गाठ नाही. तिनं तो अर्धा काहिलीत गोल ओतला आणि मामांनी लांब दांड्याच्या झाऱ्यानं रस हलवला.

आम्ही वाकून बघत राहिलो.

साय होती तेवढीच राहिली. पातळ. मामांनी झारा फिरवला तर ती गोळा होण्याऐवजी फाटली आणि रसात परत शिरली.

“अजून घाला,” मामा म्हणाले.

आक्कानं उरलेला चीक ओतला. काही फरक पडला नाही. तिनं ग्लासात रस घेतला, शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली आणि मोबाईलचा टॉर्च ग्लासाला लावला. उजेड आत शिरला आणि तिथंच पसरला. सगळा ग्लास दुधी दिव्यासारखा पेटला. पलीकडच्या भिंतीवर काहीच पडलं नाही.

“सगळं अजून आतच आहे,” ती म्हणाली.

चुलाणातून भैयानं हाक दिली. “मामा, डालूँ और?”

“थांब रे!” मामांनी हात वर केला. मग मला समजावं म्हणून माझ्याकडं वळले. “उकळी फुटली का संपलं. मळी रसात मुरती. मंग देव आला तरी निघत न्हाई. तसला गूळ चिकाट ऱ्हातो, बसत न्हाई, साचा काढला का पसरतो.”

अटीचं गणित माझ्यापुरतं तिथं स्पष्ट झालं. काहिलीत रस उकळीच्या अलीकडं होता. भेंडी चालत नव्हती. उकळी फुटली तर ढेप उभी राहणार नव्हती.

मामांनी खांबाच्या कोनाड्यातून एक डबा काढला. झाकण उघडलं. आत पांढरी पावडर. त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे चरकाच्या आवाजात फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल इतका.

“वैनी. आबा आंघुळीला गेल्यात. चिमूटभर. आजचा दिस निभतोय. उद्यापासनं तुमची भेंडी करा. म्या कुणाला बोलणार न्हाई. पाव्हणं तर घरचंच हायेत.”

त्यात कावा नव्हता. त्यांना ती जिंकायला हवी होती. आक्का डब्याकडं बघत राहिली. तिनं विचारलं, “किती टाकता तुम्ही?”

“अंदाजानं.”

“रंग लगेच सुटतो?”

“बघता बघता.”

  तिनं बादलीच्या तळाशी राहिलेला चीक दोन बोटांत घेतला आणि बोटं लांब केली. पाणी ठिपकलं. तिनं परत केलं. परत ठिपकलं. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

“तार नाही,” ती म्हणाली. “मामा, डबा ठेवा. याला तारच नाही!”

“कसली तार?”

“भेंडीची! भाजी चिरताना सुटते ती. मी मिक्सरला लावली सगळी. पहाटे उठून, मोठ्या मिक्सरला, अगदी बारीक. मला वाटलं जितकं बारीक तितका जास्त चीक.” ती हसायलाच लागली. “अहो मी पोरांना शिकवायची. तेल आणि पाणी एक करायचं तर घुसळायचं, जितकं घुसळाल तितकं चांगलं. दूध असं, रंग असा, सगळं असं. कलिल म्हटलं की माझ्या हाताला घुसळणंच सुचतं. पण भेंडीचं उलटं आहे. तिच्यात लांब लांब साखळ्या असतात. त्या लांब आहेत म्हणून इकडचा कण आणि तिकडचा कण एकाच वेळी धरतात. मिक्सरनं त्यांचे तुकडे केले. आता एकेक तुकडा एकेका कणाला धरून बसलाय आणि कुणी कुणाला ओढत नाही.”

हे मी तिथंच वहीत उतरवून घेतलं. पुढं तिच्याकडून दोनदा तपासूनही घेतलं. शब्द एकच, पण त्या नावाखाली येणाऱ्या मिश्रणांचे स्वभाव वेगळे. काही घुसळून बनतात. काही घुसळली की मरतात.

आतून आक्काच्या सासूबाई हातातला तांब्या तसाच घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“भेंडी आन् मिक्सरला? म्या म्हणलं शाळेतली काय रीत आसंल. भेंडीला कोण मिक्सर लावतंय गं?”

“तुम्ही पहाटे तिथंच होतात की, आई.”

“तू येवढी सुटली व्हतीस, मला कुठं इचारलंस?”

“आता विचारते. अजून झाडं आहेत का बांधावर?”

नव्हती. बांधावरची सगळी रानभेंडी आदल्या दिवशी कापून पहाटे मिक्सरमध्ये गेली होती. सासूबाईंनी बोट यवतच्या दिशेला केलं. कालव्यापलीकडं एका म्हातारीचा भाजीचा तुकडा होता आणि तिथं भेंडीची जुनी झाडं उभी होती. मी मोटारसायकलकडं पळालो. मागून आक्का भैयाला हिंदीत सांगत होती, “भैया, आग कम रखो, पर मरने मत देना!” आणि भैया ओरडत होता, “भाभी, आग है, बकरी नहीं है! बोलूँ और बैठ जाए?”

कालव्यापलीकडची म्हातारी भेंडीच्या ओळीतच बसली होती. मी गाडी उभी केली आणि धापा टाकत सांगितलं की भेंडीची झाडं पाहिजेत, फळं नकोत, झाडं.

“भेंडी सोडून झाडं? तुमच्याकडं शेरडं किती हायेत?”

“शेरडं नाहीत मावशी. गुळाला पाहिजेत. पलीकडच्या गुऱ्हाळावर.”

“का, पावडर संपली व्हय?”

“नाही, संपली नाही. घालायचीच नाही.”

म्हातारीनं विळा खाली ठेवला. “कोण म्हणतंय घालायची न्हाई?”

“आबांची सून.”

“ती मास्तरीण?” म्हातारी उठली. “आगं बया. माझा सासरा भेंडीवरच गूळ करायचा. ती खालची जाड घ्या, पाव्हणं. शेंड्याला चीक नसतो. आन् मुळासकट उपटा, मला तरी कुठं ठेवायच्यात.” तिनं स्वतः उपटायला सुरुवात केली. दोन भारे झाले. ते मोटारसायकलला बांधताना ती म्हणाली, “तिला सांगा, कुटायचं दगडावर, हातानं. आन् पाणी गार घ्यायचं.”

“मिक्सर नको ना?” मी विचारलं.

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. “कशाला मिक्सर?”

परतीच्या वाटेवर रस उकळला असेल की नाही एवढाच विचार होता. पत्र्याच्या शेडवर वाफ दिसत होती, पण वाफ कोणत्या टप्प्याची हे लांबून ओळखण्याइतकं माझं शिक्षण झालं नव्हतं. शेडमध्ये शिरलो तेव्हा मामा काहिलीच्या कडेनं फिरत गार रसाचे तांबे आत ओतत होते. रस टाकीतलाच, ताजा. त्यानं उष्णता खाली राहत होती.

“आलं का?” आक्का ओरडली.

भारे जमिनीवर पडले. सासूबाईंनी पदर खोचला आणि पाट्याच्या दगडापाशी बसल्या. आक्का साल ओढत होती, सासूबाई ठेचत होत्या, मी बादल्या भरत होतो. ठेचलेली साल गार पाण्यात टाकून दोघी हातानं चोळू लागल्या. थोड्या वेळानं आक्कानं हात वर काढला. तिच्या बोटांपासून बादलीपर्यंत एक चकचकीत दोरी लोंबत राहिली आणि तुटली नाही. सासूबाईंनीही हात वर केला. त्यांची दोरी लांब होती.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या.

“बघितलं, आई,” आक्का म्हणाली. “हातभर लांब. उगं शेखी मिरवू नका, चोळा.”

बादली काहिलीवर गेली. आक्कानं चीक धारेनं सोडला, मामांनी झारा अगदी हळू फिरवला.  आधी काही झालं नाही. मग काहिलीच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला. तो पसरला. त्याच्या कडेला दुसरा. बघता बघता तळातून ढग चढावेत तशी मळी वर यायला लागली आणि एकमेकीला धरून जाड होत गेली. काहिलीच्या पाठीवर काळपट हिरवी गोधडीच पसरली. मामांनी झारा तिच्याखाली घातला आणि उचलला. ती फाटली नाही. अखंड आली. पाणी निथळत, जड, ओल्या पोत्यासारखी.

“आरं तिच्या!” मामा ओरडले. हे त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. “भैया, ये, बघ! ये हिकडं!”

भैया चुलाण सोडून वर आला, चिपाडाची काडी हातातच. त्यानं डोकावलं आणि मामांच्या पाठीत थाप मारली. मामांनी दुसरा झारा काढला, तिसरा काढला. मळीच्या खाली रस दिसू लागला. तो आता हिरवट करडा नव्हता. तो चहाच्या रंगाचा होता आणि त्यातून काहिलीचा तळ दिसत होता.

आक्कानं ग्लास भरला आणि कोपऱ्याकडं धावली. आम्ही सगळे तिच्यामागं. सासूबाईही. तिनं टॉर्च लावला. उजेडाची एक बारीक, फिकट काठी ग्लासातून आरपार गेली आणि धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर एक गोल पडला, रुपयाएवढा, स्वच्छ.

 मामांनी हात पुढं केला, गोलाच्या आड धरला, बाजूला घेतला. परत धरला. गोल त्यांच्या तळव्यावर आला.

“आन् मगाचा ग्लास?” त्यांनी विचारलं.

मगाचा ग्लास तिथंच होता. आक्कानं तो लावला. दुधी दिवा पेटला, भिंत कोरी. मग परत नवा. मग परत जुना. मामांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि स्वतः करून बघितलं. दोनदा. तोवर चुलाणापाशी कुणीच नव्हतं आणि मीच पहिल्यांदा ओरडलो की आग विझेल.

त्यानंतर आग जोरात केली. आता उकळीची भीती नव्हती, उकळीच पाहिजे होती. रस खदखदू लागला, सोनेरी फेस चढला. तो काठावर आला तेव्हा मामांनी शेंगतेलाचे चार थेंब सोडले आणि फेस बसला. फेसही कलिलच, द्रवात अडकलेली हवा, आणि तेल त्याचं घर मोडतं, हे आक्कानं जाता जाता सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले की आपण एवढी वर्षं हवेलाच तेल पाजतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

रस दाट झाला. तांबूस झाला. मामांनी पाक गार पाण्याच्या तांब्यात टाकला, गोळी केली आणि तांब्याच्या आत आपटली. टण् आवाज झाला. काहील उतरली. पाक लाकडी वाफ्यात, म्हणजे उथळ पेटीत, पसरला, मामांनी खोऱ्यानं ओढून ओढून गार केला, आणि तो फडकं लावलेल्या साच्यात भरला. आता काही करायचं नव्हतं. तो गार व्हायची वाट बघायची.

मधल्या वेळात ठेकेदार आला. स्वच्छ पांढरे कपडे, बरोबर एक माणूस. आबा आंघोळ-पूजा करून शेडच्या दाराशी खाट टाकून बसले होते. सकाळपासून ते काहिलीकडं एकदाही आले नव्हते. आपण आलो तर मामा आपल्याकडं बघून काम करतील, तिच्याकडं बघणार नाहीत, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ठेकेदारानं साच्यातल्या गुळाकडं नजर टाकली.

“काळा दिसतोय, आबा.”

“तांबडा हाय.”

“मार्केटला पिवळा लागतो.”

“मार्केटचं तुम्ही बघा. आमचं ठरलंय ते येगळं.” आबांनी आक्काला हाक मारली. “सूनबाई. काढा.”

आक्का पुढं आली. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भेंडीनं चिकट झाल्या होत्या. तिनं साचा फरशीवर पालथा घातला. वरून थापट्या दिल्या. काही हललं नाही. तिनं मामांकडं बघितलं. मामांनी डोळ्यांनीच सांगितलं, अजून एक. तिनं थापटी दिली आणि साचा वर उचलला. मग फडकं सोललं.

ढेप उभी होती.

तिच्या कडा धारदार होत्या. रंग पिकलेल्या चिंचेचा. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो आणि ती पसरते का हे बघत होतो. ठेकेदारसुद्धा. आबा खाटेवरून उठले. त्यांनी अंगठा ढेपेच्या अंगावर टेकवला आणि दाबला. अंगठा आत गेला नाही. त्यांनी भैयाकडून हातोडी मागितली, कोपरा फोडला, तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ ते चघळत राहिले. दुसरा तुकडा त्यांनी ठेकेदारापुढं धरला.

ठेकेदारानं तो खाल्ला. मग फरशीवर पडलेला बारीक चुरा चिमटीनं उचलला आणि तोही तोंडात टाकला.

“पाव्हणं,” आबा त्याला म्हणाले, “चहा घेऊन जावा.”

“म्हंजी आपलं बोलणं…”

“चहाचंच बोलणं करू. बसा.”

सासूबाई चहाला आत गेल्या. मामांनी डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं आणि ते घाम पुसतायत की डोळे ते कळू दिलं नाही. मी आक्काला शोधलं. तिला काय वाटतंय हे विचारायचं होतं, माझी सवय ती. ती तिथं नव्हती. ती टाकीच्या कडेला पोचली होती, पट्टी रसात बुडवत होती आणि मामांना ओरडून सांगत होती की पुढच्या आधणाला चुना थोडा कमी घालूया, रंग अजून थोडा उघडेल. आणि कालव्यापलीकडच्या मावशीकडं भेंडीचे आणखी किती भारे निघतील ते आत्ताच कुणीतरी जाऊन बघून या.

कुणीतरी म्हणजे मी, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. मी गाडीची किल्ली काढली.